झाकणाचं प्रकरण: आईबरोबर उभी केलेली १९६०ची मॉरिस मायनर

आठ महिन्यांत संपवू म्हणून हाती घेतलेलं काम सव्वीस महिने चाललं. त्यातले पाच महिने आई गॅरेजमध्ये आलीच नाही. भांडण झालं नव्हतं, कुणाचा आवाज चढला नव्हता. मी वीतभर ॲल्युमिनियमचा पत्रा भंगारात टाकला होता, इतकंच घडलं होतं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबरोबर जुनी गाडी उभी करायला निघालेले बरेच जण गंज, सुटे भाग आणि वेळ यांचा हिशेब मांडून बसतात. आमचं काम या तिन्हींपैकी कशानंही अडलं नाही. ते कशानं अडलं, हे आठवतं तसं आणि आईच्या वहीत आहे तसं मांडतो.

गाडी

मॉरिस मायनर १०००, दोन दारांची सलून (म्हणजे बंद टपाची गाडी), १९६० सालची. ९४८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ३७ अश्वशक्तीचं. वळताना खूण द्यायला दोन्ही बाजूंच्या दारामागच्या खांबांतून पेटता हात बाहेर येतो, त्याला ट्रॅफिकेटर म्हणतात. कंपनीनं ते १९६१मध्ये बंद करून दिवे दिले, म्हणजे आमची गाडी हातवाल्यांच्या शेवटच्या खेपांपैकी. आजोबांनी ती १९६६मध्ये वापरलेलीच घेतली. १९७९पासून आई चालवत होती. २००३मध्ये ती आत उभी राहिली ती राहिलीच.

मायनरला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. तळाचा पत्रा, दारांखालचे सिल, पुढच्या सीटखालून आडवा जाणारा क्रॉसमेंबर आणि पुढे गेलेल्या दोन पोकळ पेट्या, हे सगळं एकमेकांना जोडून गाडीचा कणा तयार होतो. त्यामुळे या गाडीत गंज दिसण्यापुरता नसतो. सिल कुजला की गाडी मधोमध खचायला लागते, आणि ते आधी दारावर कळतं: दार लावताना उचलून धरावं लागतं. आमचं उजवं दार उचलून, वर गुडघ्यानं ढकलून लागायचं.

गाडीबरोबर एक वही होती. पहिली वीसेक पानं आजोबांच्या अक्षरात, शाईनं. पुढची सगळी आईची. तारीख, मैल, काय केलं, काय घातलं. मी ती सुरुवातीलाच चाळली आणि ‘नंतर वाचू’ म्हणून फडताळात ठेवली. या प्रकरणातली माझी पहिली चूक हीच, फक्त ती चूक आहे हे कळायला सव्वा वर्ष गेलं.

माणसं

आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची. शाळेत गणित शिकवून निवृत्त. गुडघे दुखतात, त्यामुळे गाडीखाली झोपून काम करणं शक्य नाही. हात मात्र स्थिर. बारा वर्षांची असल्यापासून आजोबांना दिवा धरायला ती असायची. तिच्या शब्दांत, “अण्णा पाना फिरवायचे आणि मी शिव्या ऐकायचे.”

मी नोकरी करणारा, रविवारचा मेकॅनिक. वेल्डिंग शिकलेलो, पुस्तकं वाचलेली, आणि वाचलेलं डोक्यात गेलेलं. सुरुवातीला मी चार पानी कामाची यादी केली. वर एक ओळ होती: *गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची.* आईनं यादी वाचली, “बरं आहे” म्हणाली आणि सुटे नट ठेवायला डबे धुवायला घेतले. त्या वरच्या ओळीवर आम्ही एक शब्दही बोललो नाही.

नऊ महिने

पहिले नऊ महिने चांगले गेले. पहिला धडा पान्यांचा. माझे सगळे पाने मिलिमीटरचे आणि गाडीचे नट इंचांचे. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३चा पाना बसतो, पण ढिला बसतो. ताजा नट असेल तर निभावतं. साठ वर्षं गंजलेल्या नटाचे कोपरे पहिल्या झटक्याला झिजून तो गोल होतो. मी तीन गोल केले. मग आईनं माळ्यावरून आजोबांच्या पान्यांची कापडी गुंडाळी काढली. “हे विचारलं असतंस तर?” एवढंच म्हणाली. हे वाक्य पुढे फार वेळा ऐकायला मिळालं.

सिल बदलणं हे मायनरमधलं सर्वांत जोखमीचं काम. दारं काढून, दोन्ही सिल एकदम कापले तर कणाच तुटतो. मग नवे सिल कितीही सुबक जोडा, गाडी वाकडीच जोडली जाते आणि दारं पुन्हा कधी बसत नाहीत. म्हणून दारं जागेवर ठेवायची, दाराच्या चौकटीत आडवे पाइप टॅक मारून, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके देऊन, पक्के करायचे, एका वेळी एकच बाजू कापायची आणि दर टप्प्याला दाराची फट मोजायची. मोजायचं काम आईचं. तिनं जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर मिलिमीटर लिहिले आणि फटीलगत ठिकठिकाणी खडूनं आकडे घातले: वर चार, मध्ये साडेचार, खाली सहा. मी टॅक मारला की ती पट्टी घालून बघायची आणि म्हणायची, “थांब, अर्धा गेला.”

वेल्डिंगचं तत्त्व तिला माझ्याआधी कळलं. मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्यावर एका दमात लांब वेल्ड मारला तर उष्णतेनं पत्रा लाटा घेतो. म्हणून दोन सेंटिमीटर इथे, मग पार पलीकडच्या टोकाला दोन, मग मध्ये. मी हे समजावून सांगायला लागलो तर म्हणाली, “म्हणजे आधी कच्चे टाके, मग शिवण. त्यात काय एवढं.” त्या दिवसापासून आमच्याकडे टॅकला कच्चा टाकाच म्हणतात.

कामाची वाटणी हळूहळू ठरून गेली. बाकावर होणारं सगळं आईकडे: कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमोचे ब्रश, ट्रॅफिकेटर. वाकून, झोपून, उचलून होणारं माझ्याकडे. ब्रेकचे जुने लायनर खोलले तेव्हा हवा मारून धूळ उडवायची नाही, पाण्यानं ओली करून पुसायची, हा नियम मी केला. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. बॅटरी जोडताना मी ऋण टोक बॉडीला लावायला निघालो होतो, तेव्हा तिनं हात धरला. या गाड्यांत धन टोक बॉडीला असतं.

एकदा तिला या गाडीची जन्मकथा सांगितली. ॲलेक इसिगोनिस यांनी आराखडा केला, नमुना तयार झाला आणि उत्पादनाच्या तोंडावर त्यांना ती अरुंद वाटली. त्यांनी नमुना लांबीत उभा कापून घेतला आणि दोन भाग थोडे थोडे दूर सरकवत बघत राहिले. चार इंचांवर समाधान झालं. म्हणून मायनरच्या बॉनेटवर मधोमध ती सपाट उंच पट्टी आहे. आणि आधीच बनून पडलेले बंपर तर चक्क मध्ये कापून, तुकडा घालून वापरले. १९४८च्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती लोकांपुढे आली आणि सगळ्या प्रकारांत मिळून सोळा लाखांवर विकली गेली. ब्रिटिश गाड्यांत दहा लाखांचा आकडा गाठणारी ही पहिली. आई हसली. “कापून ठिगळ लावलेलीच आहे की मुळात.” मीही हसलो. ते वाक्य पुढे माझ्यावरच उलटणार होतं.

झाकण

मायनरच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, बॉनेटखाली नसतो. तो ड्रायव्हरच्या पायाखालच्या पोकळ पेटीत बसवलेला आहे. ब्रेक ऑइल बघायचं तर मॅट उचलायची, तळातलं एक झाकण काढायचं आणि बोट घालायचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. पाणी शिरलं की ते कमी तापमानाला उकळतं आणि सिलिंडर आतून गंजतो. म्हणून दर दोन वर्षांनी बदलावं लागतं, आणि जागा अशी अडचणीची की माणूस ते हटकून विसरतो.

आजोबांनी यावर उपाय केला होता. मूळ झाकण कुजल्यावर त्यांनी ॲल्युमिनियमचं कापलं, आणि ऑइल बदललं की खिळ्यानं टिंबं ठोकून त्यावर साल उमटवायचे. ७१, ७३, ७५. पुढे आईनं तसंच चालू ठेवलं. कडा वेड्यावाकड्या, एका कोपऱ्याला चुकून पडलेलं जादा भोक.

नवव्या महिन्यात मी ड्रायव्हरच्या बाजूचा फ्लोअर कापला. नव्या फ्लोअरबरोबर कंपनीच्या मापाचं नवं झाकणही मागवलं होतं. जुना पत्रा, त्यावर चिकटलेला डांबरी थर आणि ते झाकण, सगळं एकत्र पोत्यात भरून सोमवारी भंगारात गेलं. माझ्या यादीप्रमाणे अगदी बरोबर. कारखान्यातून निघाली तेव्हा गाडीत ते झाकण नव्हतंच.

पुढच्या रविवारी आई आली, नवा फ्लोअर बघितला, वेल्डवरून बोट फिरवलं. “छान झालंय. झाकण कुठंय?”

“त्या खोक्यात. अजून पॅकिंगसुद्धा काढलेलं नाही.”

“ते नाही. अण्णांचं.”

“ते गेलं अगं, फ्लोअरबरोबर.”

“बरं.”

तिनं हातमोजे काढले, त्यांची घडी घातली आणि बाकावर ठेवून वर गेली. तिनं हातमोज्यांची घडी घातलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती. पुढच्या रविवारी गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी कुणीतरी येणार होतं. महिन्याभरानं मी विचारलं, “रागावलीस का?” “छे, कशाला? तुला वाटेल तसं कर तू.”

बोल्ट

पाच महिने मी एकटा काम करत राहिलो. खरं तर ‘काम’ म्हणणं धाडसाचं आहे. दोन माणसांची कामं एकट्यानं करायची म्हणजे दार खांद्यावर तोलून बिजागरीचा बोल्ट शोधायचा. पिशव्यांवर मी पेननं लावलेली लेबलं रॉकेलच्या ओल्या हातांनी पुसून गेली होती. आईची पेन्सिलनं लिहिलेली तशीच होती. ज्या नटांची जागा तिला बघताक्षणी आठवली असती, त्यांसाठी मी एकेक संध्याकाळ घालवली.

चौदाव्या महिन्यात मास्टर सिलिंडर काढायला घेतला. तो पेटीतून आरपार गेलेल्या दोन लांब बोल्टांवर असतो, आणि हे बोल्ट मायनरवाल्यांची जुनी रड आहे. नट सुटतो, बोल्ट हलतो, पण बाहेर ओढायला गेलं की पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार आड येतो. टॉर्शन बार म्हणजे पिळून ताण घेणारी लांब सळई. मायनरच्या पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंगऐवजी हीच असते. ती सोडायची म्हणजे गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडांवर), सस्पेन्शनला खालून जॅकचा आधार, मूळ जागेच्या खुणा, आणि ताण उतरवताना जीव मुठीत. दोन रविवार गेले. बार सुटला.

तिसऱ्या रविवारी तारेच्या ब्रशनं बोल्टांवरचं डांबर खरवडलं तर बारच्या बाजूला नट. बोल्टांची डोकी पलीकडे. कुणीतरी ते उलटे घातले होते. पलीकडून पाना लावून ओढले असते तर बारला हात न लावता सरळ हातात आले असते. तसे आलेही, दहा मिनिटांत.

मी वर गेलो, फडताळातून वही काढली आणि आईपुढे ठेवली. “सिलिंडर कधी बदलला होता?” तिला पानं उलटावी लागली नाहीत. “शहाऐंशी साली.” मग पान काढून दाखवलं. तिचंच अक्षर: *मास्टर सिलिंडर बदलला. टॉर्शन बार सोडावा लागला, दीड दिवस गेला. बसवताना बोल्ट उलटे घातले. आता बार सोडायला नको.*

“मी दोन रविवार बार सोडत बसलो होतो,” मी म्हणालो.

“का? झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलं होतं की मी. खिळ्यानं. ‘बोल्ट उलटे.’ आणि बाण.”

मी ते झाकण उलटं करून पाहिलंच नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “बसवताना कसे घालणार होतास?” मी खरं ते सांगितलं: मॅन्युअलमध्ये दाखवलेत तसे. म्हणजे तिनं छत्तीस वर्षांपूर्वी करून ठेवलेली सोय मी मोडली असती, आणि वर त्याला ‘ओरिजिनल’ म्हटलं असतं. तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणानं बोलली. “तुझं ते कारखान्यातून निघाली तशी, ते मला कधी पटलंच नाही रे. कारखान्यातून निघाली तेव्हा मी कुठं होते? मला ठाऊक असलेली गाडी सासष्टपासूनची. आणि तुझा तो इसिगोनिस, त्यानं स्वतःच कापून ठिगळ लावलं होतं ना?”

“मग यादी वाचलीस तेव्हा का नाही बोललीस?”

“तू इतकी मेहनतीनं केली होतीस.”

काय घडलं होतं

आता लांबून बघताना तीन गोष्टी दिसतात. तिन्ही सारख्या वजनाच्या नाहीत.

सर्वांत जड ती भाषेची. “बरं आहे” आणि “तुला वाटेल तसं कर” ही मराठीत संमती नव्हे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला लहानपणापासून माहीत असतं. आई हे वाक्य परवानगी म्हणून वापरत नाही. विषयातून अंग काढून घेताना वापरते. तरीही मी ते मंजुरी म्हणून धरलं, कारण मला मंजुरी हवी होती. ऑफिसात हाताखालचा माणूस असं बोलला असता तर मी थांबून विचारलं असतं. आईला विचारलं नाही. जिच्या बोलण्याची आपल्याला जन्माची सवय, तिचं बोलणं आपण सर्वांत कमी ऐकतो की काय, असं वाटून गेलं.

दुसरी गोष्ट जागांची. चाळीसेक वर्षं ती या गाडीची कर्ती होती. मी यादी केली त्या दिवशी ती मदतनीस झाली. पुन्हा दिवा धरणारी, या वेळी मुलासाठी. मी तिला बाकावरची कामं दिली ती गुडघ्यांचा विचार करून, आणि ते बरोबरही होतं. पण कुठलं काम कसं करायचं हे ठरवण्याशी गुडघ्यांचा काय संबंध? ठरवणं सगळं मी माझ्याकडे ठेवलं होतं, आणि काळजी घेतो आहे या समाधानात ते माझ्या लक्षातही आलं नाही.

तिसरी गोष्ट ‘मूळ’ या शब्दाची. मी तो शब्द काठीसारखा वापरत होतो. गंमत म्हणजे या छंदातले जाणकारही इतके हट्टी नाहीत. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, फिवानं, २०१२मध्ये तुरीनची सनद मंजूर केली. इमारतींच्या जतनासाठी १९६४मध्ये झालेल्या व्हेनिसच्या सनदेच्या धर्तीवर ती बेतलेली आहे. वाहनाच्या आयुष्यात त्याच्यात झालेले बदल हाही त्याच्या इतिहासाचा भाग आहे, शक्य तितकं जुनं जपावं, बदलावं कमी आणि जे केलं त्याची नोंद ठेवावी, असा तिचा रोख आहे. या कसोटीवर आजोबांचं झाकण जपण्याजोगं होतं आणि माझं पॅकिंगमधलं झाकण निव्वळ सुटा भाग. सनद मला आधीपासून माहीत होती. वहीसारखीच वरवर चाळलेली.

नंतरचे बारा महिने

आई परत आली. पहिल्या दिवशी आम्ही काही उघडलं नाही. वही घेऊन गाडीभोवती फिरलो आणि ‘मूळ नसलेली’ एकेक गोष्ट बघून ठरवलं. पुढच्या मडगार्डांना आजोबांनी भोकं पाडून वळणाचे दिवे बसवले होते, कारण ट्रॅफिकेटर अडकायचे. ती भोकं मी वेल्डनं बुजवणार होतो. दिवे राहिले, आणि ट्रॅफिकेटरही चालू करायचे ठरले. डॅशखाली वही ठेवायला केलेला कप्पा राहिला. बोल्ट उलटेच.

इथपर्यंत येता येता मी दुसऱ्या टोकाला गेलो होतो. आजोबांनी हातानं लावलेल्या हिरव्या रंगाच्या थरासमोर उभं राहून मी जरा भारावून म्हणालो, “हाही ठेवू या.” आई म्हणाली, “वेडा आहेस का? तो रंग अण्णांकडे उरला होता म्हणून लावलेला. ते स्वतः दहा वर्षं हळहळत होते. काढ तो.” तेव्हा रंग मात्र कारखान्याचा झाला. जुन्या थरात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासला नाही. पाण्याचा पॉलिश पेपर वापरला आणि मास्क लावला.

एक नियम मात्र पक्का केला: गाडी रस्त्यावर येईपर्यंत काहीही फेकायचं नाही. कुजलेलं, मोडलेलं, हास्यास्पद, सगळं एका खोक्यात, आणि खोक्यावर ‘आईला विचार’. शेवटी त्यातलं नव्वद टक्के तिनंच फेकलं.

पुढच्या चाकांचे ट्रनियन आम्ही नवे घातले. मायनरचं पुढचं चाक खाली ज्या आटेदार सांध्यावर वळतं तो हा. त्याला वेळच्या वेळी ग्रीस मिळालं नाही तर आटे झिजतात, आणि एक दिवस सांधा निसटून चाक आडवं पडतं. बहुधा सावकाश वळताना, पण ‘बहुधा’वर विसंबायचं नाही. वहीत ‘ग्रीस’ हा शब्द इतक्या वेळा आहे की आईनं पुढे नुसतं ‘ग्री.’ लिहायला सुरुवात केली होती.

मला सर्वांत आवडलेली संध्याकाळ टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट लावण्याची. आठ व्हॉल्व्ह, प्रत्येकाची फट ०.३० मिमी, आणि फट मोजायची तर तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला हवा. कुठला कधी मिटतो? आईनं सूत्र सांगितलं: बेरीज नऊ. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला मोजायचा. सहावा दाबलेला तर तिसरा. चौथा दाबलेला तर पाचवा. मी पुढून स्टार्टिंग हँडल हळूहळू फिरवत होतो, ती रॉकरकडे बघत आकडे पुकारत होती. “थांब. सात खाली. म्हणजे दोन.” फीलर गेजची पाती फटीत सरकवायची, डोळे मिटायचे, पाती मागे ओढायची. “लोण्यातून सुरी नको. कागदातून सुरी हवी.” मग माझ्या बोटांत पाती देऊन तेच पुन्हा. आठव्या व्हॉल्व्हपर्यंत मला कळायला लागलं होतं.

इंजिन सुरू झालं ते तिसऱ्या प्रयत्नात. एसयू बनावटीच्या कार्बोरेटरचं हवा-पेट्रोलचं मिश्रण तिनं कानानं लावलं. चालू इंजिनात कार्बोरेटरचा पिस्टन खालच्या पिनेनं जरासा, मिलिमीटरभरही नाही, उचलायचा. वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, इंजिन गचकलं तर कमी. क्षणभर चढून पुन्हा जागेवर आलं की झालं. कानाचं यंत्र काढून ठेवून ऐकलं तिनं. यंत्रातून सगळं पत्र्यासारखं वाजतं म्हणे.

आजची स्थिती

गाडी चालते. उजवी बाजू डावीपेक्षा दीड सेंटिमीटर खाली आहे. मी टॉर्शन बार सोडला होता, त्याचा हा पुरावा. पुन्हा सोडून एक दात फिरवायला हवा, पण दोघांनाही उत्साह नाही. दार एका बोटानं लागतं. डावा ट्रॅफिकेटर अर्ध्यावर अडकतो. आई चालवत असेल तर ती स्टिअरिंग न सोडता “हं” म्हणते, आणि मी शेजारून खांबावर मूठ मारायची. हात वर येतो.

वहीत आता दोघांची अक्षरं आहेत. माझ्या नोंदी तिला लांबलचक वाटतात.

नवं झाकण ॲल्युमिनियमचंच कापलं, आजोबांच्या झाकणाच्या मापानं. माप आईच्या आठवणीतलं. कंपनीचं खोक्यात पडून आहे. आतल्या बाजूला ‘बोल्ट उलटे’ आणि बाण मी खिळ्यानं ठोकून घेतला. वरच्या बाजूला जुने आकडे पुन्हा ठोकू का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, ते आकडे त्या झाकणाचे होते. यावर पहिला आकडा ऑइल बदलू तेव्हा. दोन वर्षं व्हायला अजून अवकाश आहे. तोवर पत्रा कोरा आहे.